वीतभर पात्याची सुरी

आमच्या गल्लीच्या टोकाचा लोहार गिऱ्हाइकाशी कधी सरळ बोललाच नाही. सुरी मागितली की आधी विचारायचा, "काय कापणार?" उत्तर पटलं नाही तर "न्हाय मिळत" म्हणून पाठ फिरवायचा.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. शाहूवाडीच्या रानात चार दिवस राहायला निघालो होतो. मुंबईहून मागवलेला चकचकीत चाकू मी त्याला कौतुकानं दाखवला. पोकळ मुठीत होकायंत्र, काड्या, सगळं होतं. त्यानं तो बाभळीच्या ओंडक्यावर ठेवून पात्याच्या पाठीवर दांडका हाणला. पातं मुठीतून निखळलं.

"मोडलासा की माझा चाकू!" मी ओरडलो.

"रानात मोडला असता तर कुणावर वरडला असतास?" तो माझ्याहून मोठ्यानं गरजला.

मग स्वतःची सुरी माझ्यापुढं आपटली. वीतभर पातं, आणि त्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. "ह्याहून मोठी हात थकवती, बारकीनं फांदी तुटत न्हाय."

मी रागातच घेतली, आभारही मानले नाहीत. रानात एका सोबत्याचा पाय मोडला, तेव्हा त्याच सुरीनं बांबू तोडून आम्ही डोली केली आणि त्याला खाली आणलं.

परतल्यावर हे सांगायला गेलो, तर त्यानं ऐकूनही घेतलं नाही. पात्यावरची खाच बघून खेकसला, "दगडावर मारलीस व्हय? आण हिकडं, मूर्खा!" आणि हातातलं काम टाकून धार लावायला बसला.