पंखातलं पाणी

स्क्रू-ड्रायव्हर पुट्टीत घुसला आणि विमानाच्या पंखातून पाण्याची धार लागली. तपकिरी, कुजकट वासाचं पाणी. भर एप्रिलात.

"मॅडम, ये क्या निकला?" हरेशभाईंनी बादली पुढे सरकवली.

हरेशभाई उल्हासनगरचे, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये मुरलेले. मी विमानांच्या सांगाड्याच्या दुरुस्तीतून रिटायर झाले. आता बदलापूरला कात्रपमध्ये राहते आणि उघड्यावर मांडलेली जुनी लढाऊ विमानं आम्ही दोघं मिळून रंगवून देतो. हे विमान अंबरनाथच्या एका छोट्या खासगी संग्रहालयाचं. सिमेंटच्या खांबांवर बसवलेलं. आम्ही फक्त रंगाचं कोटेशन द्यायला गेलो होतो.

पंखाला खालून बारीक भोकं असतात, ड्रेन होल. आत शिरलेलं पाणी त्यातून निघून जातं. आधीच्या कुणा पेंटरने ती पुट्टीने बुजवून वर गुळगुळीत रंग मारला होता. म्हणजे दर पावसाळ्यात पाणी आत जायचं आणि आतच राहायचं.

बादली भरली. दुसरी लावली.

मी पंखाच्या मुळाशी असलेलं झाकण उघडून टॉर्च मारला. तिथे स्पार असतो, पंखाचा कणा. त्याच्यावरच पंख विमानाला धरून राहतो. तो फुगला होता. खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले होते. बोट लावलं तर एक हातातच आला. आणि पंखाच्या बरोबर खाली मांडववाले सतरंज्या अंथरत होते.

मॅनेजर सावंत धावत आले. "काय झालं? उद्या इथे मुलांची चित्रकला स्पर्धा आहे."

"इथे नको, साहेब. क्रेन बोलवा. पंख उतरवायला लागतील."

"अहो, तुम्ही रंगाला आलात ना? इतकी वर्षं उभंय, अजून एक दिवस नाही राहणार?"

मी तो पापुद्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. "चोळून बघा."

त्यांनी चोळला. पांढरी भुकटी झाली.

"हे पंखाचं?"

"पंख ज्याच्यावर टिकलाय, त्याचं."

त्यांनी मांडववाल्यांना हाताने बाहेर बोलावलं आणि क्रेनसाठी फोन लावला.

दुपारी क्रेन आली. पंखाखालून बेल्ट घातले. मी ऑपरेटरला सांगितलं, "उचलू नका, फक्त ताण घ्या." बोल्टला आम्ही अजून हातही लावला नव्हता. बेल्ट जेमतेम ताणले आणि कडकन आवाज झाला. पंख मुळापासून सुटला, वीतभर खाली आला आणि बेल्टमध्ये लटकून हलायला लागला. उरलेलं पाणी भसाभस सतरंज्यांवर सांडलं.

मी आयुष्यभर विमानं उघडली, पण नुसत्या रंगावर तरलेला पंख कधी पाहिला नव्हता.

"पहिलीच्या मुलांना मी तिथेच बसवणार होतो," सावंत म्हणाले. "सावली असते म्हणून."

संध्याकाळपर्यंत दुसरा पंखही उतरवला. त्याची अवस्था फार वेगळी नव्हती. दुसऱ्या दिवशी स्पर्धा पार्किंगमध्ये झाली. विषय होता 'विमान', पण निम्म्या मुलांनी तिथे अजून उभी असलेली क्रेनच काढली. आता विमान बिनपंखांचं, कुंपणाच्या आत आहे. नवे आधार तयार झाले की पंख परत चढवू.

हल्ली कुणी कोटेशन मागितलं, की मी आधी विमानाखालची माणसं हलवायला सांगते. रंगाची शेड कुठली हवी, ते मग विचारते.