दह्याचा निरोप

नंदकला अधिकारीच्या घरी परदेशातली पोरं राहायची. शाळेत शिकवायला, नाहीतर गावात संडास बांधायला म्हणून स्वखुशीने आलेली. नेपाळातल्या पनौती गावाहून चढ चढून येईतो त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असे, आणि दारात पाऊल टाकताच ती तिला ‘आमा’ म्हणत. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचे रमण सर तेवढा एकच शब्द घोटवून घेत असावेत. आई म्हणवून घ्यायला तिची ना नव्हती. तिला खरी आमा म्हणणारा नवराज पोर्तुगालात होता, आणि त्याचीच खोली ती या पाहुण्यांना देत असे.

नवराज तिकडे गेला ते वर्ष त्याच्या बापाच्या दुखवट्याचं होतं. अशा वर्षात घरात टिळा लावत नाहीत, दुधादह्याला शिवत नाहीत. एरवी लांब निघालेल्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना भरल्या घागरी मांडायच्या, कपाळी टिळा लावायचा, हातावर दही घालायचं, म्हणजे माणूस सुखरूप माघारी येतो. नवराज कोरड्या कपाळाने गेला तो नऊ वर्षं आलाच नाही. नंदकलाने सगळा दोष त्या दह्याच्या माथी मारला. पोराला बोल लावण्यापेक्षा दह्याला लावणं सोपं, कुठल्याही आईला विचारा.

म्हणून पाहुण्यांच्या निरोपात तिने कधी कसूर केली नाही. हॉलंडची मारित तर टिळा ओला असतानाच ढसाढसा रडली होती. “पुढच्या दसैंला नक्की येते, आमा.” सगळे हेच म्हणत. म्हणताना हात पिशवीच्या चेनवर आणि नजर खाली उभ्या जीपकडे. एक जण माघारी फिरकेल तर शपथ! मागे राहायची ती उन्हाच्या क्रीमची अर्धी ट्यूब. सुरुवातीला नंदकला दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, घटस्थापनेला त्यांच्या वाटचे जव पेरायची. मग तिने तो नाद सोडला.

यंदा नवराजचा फोन आला की बायकोला घेऊन दसैंला येतोय. नंदकलाने रमण सरांना बजावलं, आता पाहुणे नकोत, खोली माझ्या लेकाची आहे. या खेपेला दही नीट हातावर पडलं की त्याची वाट पुन्हा घराकडे वळेल, अशी तिची खात्रीच होती.

तो आला. बाटलीतलंच पाणी प्यायला. शेळ्यांचे फोटो काढले. कोंबडा लवकर आरवतो म्हणून कुरकुरला. बायको बिचारी हसून सगळं गोड मानून घेत होती. तिसऱ्या दिवशी त्याला भात वाढताना नंदकलाने विचारलं, “आणखी घेतोस?” आणि तिचं तिलाच चरचरलं. घरच्या माणसाला कुणी विचारत नाही, वाढतात.

निघायच्या दिवशी तिने घागरी भरल्या, त्यांत झेंडूची फुलं घातली, दोघांना टिळा लावला, दही दिलं. नवराज पायाशी वाकला, उठला आणि पिशवीची चेन ओढू लागला.

“पुढच्या दसैंला नक्की येतो, आमा,” तो जीपकडे बघत म्हणाला.

नंदकलाच्या हातातली वाटी तशीच राहिली. हे वाक्य तिला तोंडपाठ होतं. इतक्या पोरांनी तिच्या दारात उभं राहून ते तिला शिकवलं होतं. दही तर नीट पडलं होतं, आता दोष द्यायलाही काही उरलं नव्हतं.

“सांभाळून जा,” ती म्हणाली.

जीप वळणाआड गेली. ती खोलीत आली तेव्हा उशीजवळ उन्हाच्या क्रीमची अर्धी ट्यूब पडली होती. तिने ती फळीवर इतर ट्यूबांपाशी ठेवली आणि केरसुणी घेतली.

शेजारची साहिली दिदी अंगणातून ओरडली, “अगं, वेड लागलं का? गेल्या पावलावर केर काढू नये. माणूस परत येत नाही.”

“ते परत येणाऱ्यांसाठी असतं, दिदी,” नंदकला वाकून झाडतच म्हणाली. “बाजारात जाशील तेव्हा रमण सरांना सांग, खोली रिकामी आहे.”