विहिरीतला काळा दगड

माझं माहेर सिंदेवाहीकडचं. रोवण्याच्या दिवसांत पाण्यानं भरलेल्या बांध्यांमध्ये माय आणि मी शेजारी शेजारी वाकून धान रोवायचो. लग्न होऊन जिवतीच्या डोंगरावर आले, तर इथं कापूस, ज्वारी आणि जिकडे खणावं तिकडे काळा दगड. कितीतरी दिवस घास गिळताना मला माहेरच्या भाताचा वास आठवायचा.

पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्यानं शेतात विहीर खणायला घेतली. तेव्हाच माझा मोठा भाऊ भेटायला आला. तो शाळेत भूगोल शिकवतो. विहिरीतून निघालेल्या दगडांपाशी तो बसूनच राहिला. वरच्या थरातल्या दगडाला भोकंच भोकं होती, खालचा मात्र घट्ट, भरीव.

"हा सारा लाव्हारस होता," तो म्हणाला. "वरचा लवकर थंडा झाला, आतले बुडबुडे तसेच अडकले. खालचा हळूहळू थंडा होत गेला, म्हून असा टणक. थंडा होता होता आकसला अन् त्याले भेगा पडल्या. पाणी लागलंच तर त्या भेगांतच लागन."

"अन् आपल्या गावी?"

"तिकडं हा दगड नाई."

एवढ्यावरून मला रडू फुटलं. तो गडबडला. "काऊन रडून राह्यली?"

"मायले आण ना एकदा."

"तिचे गुडघे पाह्यले ना तू? हा घाट नाई होत आता तिच्यानं."

एका दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकत होते. बुडबुड्याच्या रिकाम्या जागेत पाणी झिरपून ते तयार झाले, असं त्यानं सांगितलं. तो दगड मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून मायसाठी त्याच्याजवळ दिला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "हे काय धाडलं वं?"

"माह्या घराखालचा दगड हाय, माय."

ती म्हणाली, "लई जड हाय. पण साजरा हाय."

पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीला पाणी लागलं, भेगेतूनच. माय काही कधी वर आली नाही. आता माझी मुलगी शाळेत जाते. सुट्टीत तिला आजीकडे नेते, तर चार दिवसांतच ती कुरकुरते, "आपल्या घरी चाल ना." मग मी पिशवी भरते, मायच्या पाया पडते आणि लेकीला घेऊन डोंगराची एसटी धरते.