बोकडानं अंग झाडेपर्यंत

नाव: मानसिंग ज्ञानदेव निकम. राहणार: मौजे सोनकेवाडी, तालुका कराड, जिल्हा सातारा. वय: अठ्ठावन्न. व्यवसाय: शेती (ऊस, थोडी हळद), तत्पूर्वी सैन्यात आचारी, हवालदार पदावरून निवृत्त. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर तेल उडाल्याचा डाग. देवधर्म: मानत नाही. आहार: शाकाहारी. शाकाहाराचं कारण: माळ: नाही; व्रत: नाही; डॉक्टरी सल्ला: नाही; इतर: उलगडा होत नाही. नावावरील जनावरं: निरंक.

असा नमुना कुठल्याही कचेरीत मिळत नाही. गावानं तो आपल्या सोयीसाठी पारावर बसून तोंडी भरला आहे, आणि ‘इतर’च्या रकान्यापाशी तो काही वर्षं अडून पडला आहे.

सोनकेवाडीच्या वाघजाईची जत्रा चैत्रात भरते. नवसाचा बोकड देवळापुढच्या चिंचेखाली आणतात, कपाळाला भंडारा लावतात, अंगावर पाणी शिंपडतात आणि वाट बघतात. बोकडानं अंग झाडलं म्हणजे देवीनं तो घेतला. झाडलं नाही तर देवीच्या मनात काहीतरी आहे. मधल्या वेळात सगळे हात जोडून उभे असतात, बोकड सोडून. पाणी शिंपडायचा मान निकमांच्या घराचा, आणि निकमांच्या हाताखाली बोकड कधी खोळंबला असं झालं नव्हतं.

मानसिंग अकरा वर्षांचा असताना वडिलांच्या मागे उभा होता. ऊन चढलेलं, ढोलवाले कंटाळलेले. वडिलांनी पाणी शिंपडता शिंपडता करंगळीवरून एक थेंब हळूच बोकडाच्या कानात सोडला. बोकडानं कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. ढोल वाजले, बायका नाचल्या. घरी जाताना ओढ्यात वडील म्हणाले, ‘‘देवीला कवा कवा हात लावावा लागतो, गड्या. तिच्या मागं लय गर्दी असती.’’

मानसिंगचा देव त्या ओढ्यात गेला. दुःख वगैरे काही झालं नाही. चप्पल वाहून जावी तसा गेला, आणि पोरगं अनवाणी घरी आलं. पुढे वडील गेले, मान त्याच्याकडे आला. तो सैन्यातून दरवर्षी जत्रेला रजा काढून येई, करंगळी वापरी आणि परत जाई. आसपासच्या दहा गावांत देवीचा होकार खात्रीनं मिळवून देणारा एकच माणूस होता, आणि देवी नाही असं त्याचं पक्कं मत होतं. यात कुणाची गैरसोय होत नव्हती.

नोकरीच्या बाराव्या वर्षी त्याची बदली बर्फातल्या एका ठाण्यावर झाली. वर गाडी जात नसे, त्यामुळे मटण चालत न्यावं लागे. तेरा मेंढरं, दोन दिवसांची चढण, आणि मानसिंगच्या खिशात मिठाचे खडे. मिठाच्या वासानं मेंढरं मागोमाग येत. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं, इतकं की त्याला आपले बूटही दिसेनात. मागे फक्त खुरांचा आवाज, लांब कुठेतरी कुणी भाताचं कांडण करत असावं तसा. तो थांबला की आवाज थांबे. तो निघाला की निघे. मग एक ओलं, कोमट नाक त्याच्या तळहाताला लागलं आणि तिथेच राहिलं. त्या पांढऱ्या पोकळीत किती वेळ गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. चालतोय की उभा आहे, हेही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की कुणीतरी आपल्यावर भरवसा टाकून चाललं आहे.

वर पोचल्यावर त्यानं जे करायचं ते केलं. रस्सा फर्मास झाला. साहेबांनी पाठ थोपटली. त्याला वाईट वाटलं नाही. हे नोंदवायला हवं, कारण पुढे लोकांनी त्याला हळवा ठरवायचा बराच प्रयत्न केला.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, एका बुधवारी, तो ताटावर बसला असताना तळहाताला काहीतरी ओलं लागल्यासारखं वाटलं. बघितलं तर हात कोरडा. त्यानं रश्श्याची वाटी बाजूला सारली आणि चटणीशी भाकरी खाल्ली. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. श्रावणाला अजून सहा महिने होते.

‘‘माळ घातलीस काय, दादा?’’ चुलतभाऊ धनाजीनं विचारलं.

‘‘न्हाई.’’

‘‘मग कोलेस्टेरॉल?’’

‘‘न्हाई.’’

‘‘कुनी करणी-बिरणी?’’

‘‘न्हाई रं.’’

‘‘मग खा की मुकाट्यानं! देव न्हाई म्हनतोस, आनि वर खाईतबी न्हाईस. दोन्हीकडनं उपाशी मरायला खुळा हायस काय तू?’’

त्याच वर्षी मानसिंगनं खांदा दुखतो असं सांगून पाणी शिंपडायचा मान धनाजीला दिला. धनाजीला कानाचं ठाऊक नव्हतं. जत्रा संध्याकाळपर्यंत लांबू लागली. अलीकडे देवी फार विचार करते, असं लोक म्हणू लागले.

हळद घेऊन तो सांगलीला जाई तेव्हा जिनदत्तकडे चहा होई. जिनदत्त हळदीचा व्यापारी, धर्मानं जैन. घरात कांदासुद्धा शिजत नसे. मानसिंगनं मटण सोडल्याचं कळल्यावर त्यानं आत ओरडून चहाबरोबर चुरमुऱ्याचे लाडू मागवले.

‘‘मागल्या जन्माचं पुण्य, मानसिंगा. उगं न्हवं.’’

‘‘मागला जन्म मी मानत न्हाई.’’

‘‘असू दे. आमच्यातबी जग केलेला देव न्हाईच की. पर कर्म हाय. केलेलं चिकटतंय.’’

‘‘म्हंजे तू निम्मा माझ्यातलाच.’’

‘‘निम्मा न्हवं, पाव म्हण.’’ जिनदत्तनं लाडू पुढे सरकवला आणि खरोखर उत्सुकतेनं विचारलं, ‘‘पर मला एक सांग. वर विचारणारा कोण न्हाई, मागं काय चिकटत न्हाई. मग तुला खायाला अडचण काय हाय?’’

मानसिंगनं लाडू खाल्ला. दुकानात हळदीची पिवळी धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती, आणि दोघं ती खाली बसायची वाट बघत राहिले. ती काही बसली नाही.

उत्तर एस.टी.त पेठनाक्याला सुचलं, म्हणजे उपयोग संपल्यावर. वर कुणी असता, तर त्यानं मागितलं म्हणून कापलं, त्यानं माफ केलं म्हणून खाल्लं, असं म्हणता आलं असतं. वर कुणी नाही म्हटल्यावर जनावर आणि आपण, दोघंच उरतो. मध्ये तिसरा नाही. आणि दोघांतल्या एकालाच बोलता येतं. मानसिंग हे सांगायला शेजारी वळला. शेजारचा गृहस्थ झोपला होता. त्याच्या मांडीवरच्या पिशवीत अंडी होती.

हे असंच चालत राहिलं असतं. पण गेल्या वर्षी मुलगा वीरधवल भरतीला उतरला, आणि त्याची आई विजयमाला वाघजाईला बोकड बोलली. पोरगा निवडला गेला, ट्रेनिंगला गेला. नवस राहिला. आणि नवस निकमांच्याच घरातला असेल, तर ज्याच्या घरचा, त्या घरधन्यानंच पाणी शिंपडायचं, असा रिवाज.

‘‘जिवंत सोडू की देवीच्या नावानं,’’ मानसिंग म्हणाला. ‘‘सोडत्यात लोक.’’

‘‘मी कापायचा बोललेय.’’

‘‘माझ्या हातनं व्हायचं न्हाई, विजा.’’

‘‘तुमी कापू नका, खाऊ नका. नुसतं पानी टाका.’’ मग ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, ‘‘पोरगं हिमालयाकडं जानार हाय. देवीनं न्हाई घेतला, तर मी रातच्या रात डोळा कसा मिटू?’’

अंग झाडलं तर बोकड जाणार होता. नाही झाडलं तर बायकोची झोप. देवी नाही, हे त्याला छप्पन्न टक्केच माहीत असतं तर बरं झालं असतं. दुर्दैवानं पूर्ण माहीत होतं.

जत्रेच्या दिवशी चिंचेखाली बोकड आणला. काळा, एक कान पांढरा. मानसिंगनं ओंजळीनं पाठीवर पाणी शिंपडलं. थेंब केसांवर मण्यांसारखे थांबले. बोकडानं त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे अर्धवट मिटले.

पाऊण तास गेला. पुन्हा पाणी, पुन्हा काही नाही. ऊन पानांतून गळून बोकडाच्या पाठीवर हलत होतं. पलीकडे कृष्णा पत्र्यासारखी चकाकत होती. उसाची पानं एकमेकांना घासून कुजबुजत होती. ढोलवाले बसले, मग आडवे झाले. एक माशी बोकडाच्या पांढऱ्या कानावर बसली, आणि तीनेकशे माणसांनी श्वास रोखला. माशी उडून गेली.

मानसिंगला खुरांचा आवाज येऊ लागला. मागून, मऊ, लांबून. बर्फ नव्हतं, धुकं नव्हतं; गुलालाची धूळ होती, पण पांढरी दिसत होती. तो हलला की आवाज हलत होता. मागे वळलं तर तेरा दिसतील असं त्याला वाटलं, म्हणून तो वळला नाही. तळहातात पाणी होतं. करंगळी कानापासून वीतभर.

विजयमाला शेजारी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, ओठ न हलवता म्हणाली, ‘‘कानात टाका की.’’

तो चमकला. ‘‘तुला ठावं हाय?’’

‘‘लगीन झाल्यावर पयल्याच जत्रंला सासूबाईंनी सांगितलं. घरच्या समद्या बायांस्नी ठावं हाय.’’

‘‘आनि तरी नवस बोललीस?’’

‘‘नवस देवीला बोलले. कानाला न्हाई.’’ ‘‘पोरगं सोळाशे मीटर पळत हुतं तवा मी हितं बसलेली. तुमी कुठं बसला हुता?’’

‘‘घड्याळ बघत.’’

‘‘मग टाका.’’

‘‘आगं, तुला देवी हाय. ती मागती, तू देतीस. मला कोण हाय? मी थेंब टाकला तर मीच मागितला, मीच कापला. ह्याच्या तोंडाकडं बघून मी कुनाचं नाव घेऊ?’’

त्याच्या बोटांच्या फटींतून पाणी गळत राहिलं, एकेक थेंब, खाली मातीत. दोघं ते बघत राहिली. ओंजळ रिकामी झाली तेव्हा बोकडानं मान पुढे केली आणि ओला तळहात चाटला.

विजयमालानं ते पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. हे तोंड तिनं पूर्वी पाहिलं नव्हतं. तिनं खाली वाकून बोकडाच्या गळ्यातली दोरी सोडली.

‘‘एक ध्यानात ठेवा,’’ ती हळू म्हणाली. ‘‘माझं वचन मी मोडलं. आता ह्याला काय झालं, तर पोराला झालं असं मी धरनार. जपा तुमीच.’’

समोर नव्वदीच्या बनाबाई बसल्या होत्या. त्यांना दोरी पडलेली तेवढी दिसली. ‘‘देवीनं जित्ता मागितला गं बया!’’ त्यांनी आरोळी ठोकली. ढोलवाले उठले. भंडारा उडाला. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदाच देवीला मदत केली नव्हती, त्याच्या पाया पडायला रांग लागली.

‘‘दादा, तुझ्या हातात लय गुण हाय,’’ पाया पडून धनाजी म्हणाला, आणि मोटारसायकल काढून कराडहून मटण आणायला गेला. त्या दिवशी सोनकेवाडीत मटणावाचून कुणीही राहिलं नाही. मानसिंग राहिला, पण तो आधीपासूनच राहत होता.

पुढच्या खेपेला सांगलीत त्यानं पेठनाक्याला सुचलेलं उत्तर जिनदत्तला सांगितलं. जिनदत्तनं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला आणि विचारलं, ‘‘आनि बोकड?’’

‘‘हाय.’’

‘‘सुखात?’’

‘‘काल जरा खोकला. मी जनावरांच्या डॉक्टरला तीनदा फोन केला.’’

‘‘देव न्हाई, कर्म न्हाई, आनि एका खोकल्याला तीन फोन,’’ जिनदत्त म्हणाला. ‘‘मी कांदा सोडून सुटलो, गड्या. तुझं अवघड हाय.’’

देवीला सोडलेला बोकड गावाचा असतो. तो कुठेही चरावा, कुणीही घास द्यावा. हा बोकड पहिल्याच आठवड्यात गाव फिरून निकमांच्या ओट्यावर आला आणि तिथेच राहिला. वीरधवल आता बर्फातल्या एका ठाण्यावर आहे. रविवारी फोन करतो. आई त्याला जेवलास का विचारते. मग फोन मानसिंगकडे येतो, आणि पोरगा विचारतो, ‘‘बोकड कसा हाय?’’ कारण आईनं त्याला सगळं सांगून ठेवलं आहे.

मानसिंग देव मानत नाही. नवस मानत नाही. बोकडाचा आणि पोराचा काही संबंध आहे असं तर मुळीच मानत नाही. पहाटे उठल्यावर तो ओट्यावर जातो, अंधारात बोकडाच्या नाकासमोर तळहात धरतो, आणि ओलं, कोमट काही हाताला लागेपर्यंत तसाच उभा राहतो. कधी कधी धुकं नदीवरून वर आलेलं असतं. मग चहा.

मध्यंतरी पशुगणनेचा माणूस आला. बोकड देवीचा असल्यामुळे मानसिंगच्या नावापुढे त्यानं ‘निरंक’ लिहिलं, आणि बसायला जागा मागितली. खाटेवर बोकड झोपला होता.