मार्लिसची फायरवॉल

आमच्या इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर मार्लिस एंगेब्रेटसन सांभाळते. बाई गोड, पण डूख धरावा तर तिनेच. मी एक्स-रे विभागात असते आणि मी तिच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

फायरवॉल म्हणजे दारावरचा खमका राखणदार. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तो अडवतो आणि ओळख पटली तरच आत सोडतो. मार्लिसने त्याला चांगलं तयार केलं होतं. पण आमचा संचालक कर्ट हालवर्सन हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर, मासेमारीच्या खोपटात. तिथे बसून त्याला इस्पितळाचं काम करायचं होतं.

"मार्लिस, माझ्यासाठी दार उघडं ठेव गं."

"तुमच्यासाठी उघडं म्हणजे चोरांसाठीही उघडंच, कर्ट."

"इथे साहेब कोण? मी की तुझं ते यंत्र?"

तिने नाइलाजाने उघडलं. थोड्याच दिवसांत त्याच वाटेने चोर शिरले आणि खंडणीसाठी सगळं कुलूपबंद करून बसले. कॅन्सरवाल्यांचे किरणोपचार ठप्प. मार्लिसचा नवरा रोलंड त्यांच्यातलाच एक. तो आला की तळ्यावरून परतलेला कर्ट दारातच सांगायचा, "सिस्टिम बंद आहे. पुढच्या आठवड्यात या."

असे बरेच आठवडे गेले. जूनमध्ये रोलंड गेला. उशिरामुळे गेला का, डॉक्टरांना सांगता येईना. मार्लिसला कुणाला विचारायची गरज नव्हती. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांसाठी जेवण होतं, तिथे मेल्या कर्टने हॅम सँडविच दोनदा वाढून घेतलं. ते मी पाहिलं, तिनेही पाहिलं.

पुढे तिने नवा नियम लिहिला: बाहेरून कुणालाही आत घ्यायचं नाही, संचालकालाही नाही. कर्टने न वाचताच सही ठोकली.

जानेवारीत त्याचा तळ्यावरून फोन आला. मी मार्लिसच्या शेजारीच होते.

"मार्लिस, आत घे मला! मंडळाची बैठक सुरू झालीय. माझा अहवाल तिकडे आत अडकलाय. तो दाखवला नाही तर नोकरी जाईल गं माझी!"

"नियमावर तुमचीच सही आहे."

"अगं, पाच मिनिटांसाठी उघड! गाडीने यायला तास लागेल मला!"

मार्लिसने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सिस्टिम बंद आहे, कर्ट. पुढच्या आठवड्यात या."

तिने फोन ठेवला आणि डबा उघडला. जूननंतर पहिल्यांदा ती पोटभर जेवली.