गांडुळं जिवंत होती

कोल्हापूरहून सकाळची बस पकडली तेव्हा माझ्या पिशवीत खुरपं, झाकणाचे डबे आणि टिपकागदाची चवड होती. मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या कोंबड्या लंगडायला लागल्या होत्या. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला कळवलं, आणि तिथली गांडुळं आणायला मला पाठवलं गेलं.

निपाणीला बस थांबली तशी तंबाखूचा उग्र वास खिडकीतून आत आला. तवंदीचा घाट चढल्यावर तो मागे पडला. बेळगावात मात्र फसले. ते खेडं सांबरा गावाच्या बाजूला; तिकडची म्हणून बसले ती बस भलत्याच रस्त्याला लागली. पाटी कन्नडमध्ये, आणि मी नंबरावर विसंबले होते. कंडक्टरनं "इल्ली इळीरी (इथं उतरा)" म्हणत फाट्यावर सोडलं. तिथून काळ्या ढेकळांमधून उन्हात तासभर चालले.

ज्यांच्या कोंबड्या होत्या त्या लक्ष्मीआक्का दारातच उभ्या होत्या. साठीच्या, पदर कमरेला खोचलेला.

"चालत आलासा? फोन करायचा न्हाय व्हय?" म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांची मुलगी सुनीता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. सातवा महिना.

परसात कोंबड्या होत्या. पंख लोंबलेले, चालताना कलंडत होत्या. कुंपणापलीकडे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. मालक ती बंद करून कधीच निघून गेला. राख तिथल्याच खड्ड्यात राहिली.

मी खणलं. पहिल्याच ढेकळात गांडुळं निघाली, जाड, वळवळणारी.

"बघा की, माती झ्याक हाय," आक्का म्हणाल्या. "इख असतं तर गांडूळ जगलं असतं व्हय?"

मी सांगितलं, गांडूळ माती खाऊनच जगतं. मातीतलं शिसं त्याच्या अंगात साठत जातं, आणि तरी बहुतेक वेळा ते मरत नाही. पण कोंबडी दिवसभर गांडुळं टिपते, आणि त्यांनी साठवलेलं तिच्या पोटात जातं. म्हणूनच गांडुळं दोन दिवस ओल्या टिपकागदावर ठेवायची, पोटातली माती बाहेर पडू द्यायची आणि मग नुसतं अंग तपासायचं.

आक्का हात धुऊन आत गेल्या. मग जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, झुणका, लाल मिरचीचा ठेचा. सुनीताच्या ताटात दोन उकडलेली अंडी होती. आक्कांनी तिसरं माझ्या ताटात ठेवलं.

"मी अंडं खात नाही," मी म्हणाले. ते खोटं होतं.

सुनीतानं विचारलं, "मी खाल्लं तर चालतंय न्हवं?"

"अहवाल आल्याशिवाय काही सांगता येत नाही." आम्हाला असंच बोलायला शिकवलेलं आहे. तिनं मान डोलावली आणि खाल्लं. निघताना मी दोन अंडी तपासायला मागून घेतली.

तीन आठवड्यांनी अहवाल घेऊन मीच परत गेले. गांडुळांत शिसं भरपूर होतं, आणि अंड्यांतही होतं. आक्कांनी कागद हातात घेतलाच नाही.

"रोज दोन खाल्ली हिनं," त्या म्हणाल्या. "त्या दिशी तुम्ही खाल्लं न्हाय. मला वाटलं, तुमच्यात चालत नसंल."

"चालतं, आक्का. मला भीती वाटली होती."

सुनीता उठून आत गेली. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी आम्ही तिघी शहरातल्या दवाखान्यात गेलो, सुनीताचं रक्त तपासायला दिलं. पुढे आठवड्यानं तिचा फोन आला: रक्तात शिसं निघालंय, बाळाला किती बाधलंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, आईनं कोंबड्या मारून खोल पुरल्यात. एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

दवाखान्यात गेलो त्याच संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी अहवालाच्या प्रती मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं गेलतासा?" मी म्हटलं, "कामाला." नोकरीत मी बेसावध कधीच बोलले नाही, आणि याचा मला अभिमान होता. पण स्वतःच्या ताटापुरता मला अहवाल लागला नव्हता.