डाव्या शिवणीतली पट्टी

शनिवारी दुपारी चीफ गेले. त्यांच्या पत्नीचा, शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी बाहीला इस्त्री करत होतो. मी स्विच बंद केला आणि जिन्याने वर गेलो.

चीफ म्हणजे सुधाकर चेऊलकर, मूळचे रेवदंड्याचे. तीस वर्षं जहाजांवर होते, त्यातली बरीच चीफ इंजिनियर म्हणून. शेवटी सिंगापूरच्या एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्ट फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची. ते दहाव्यावर राहत, मी आठव्यावर. दोघंही नवव्यावर उतरायचो. ते एक जिना चढायचे, मी एक उतरायचो. पहिल्या भेटीत माझ्या हातात दिवाळी अंक होता, त्यावरून त्यांनी माझी भाषा ओळखली असावी. लिफ्टचं दार बंद झालं आणि या अनोळखी गृहस्थांनी माझ्या कॉलरचं टोक दोन बोटांत धरून, तेलाचा दाटपणा पाहावा तसं चोळलं.

"बकरम भरलंय रे आत. मानेला पाटी बांधून फिरतोस. नाव काय?"

मी नाव सांगितलं. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो, असंही सांगितलं. नाव ते नवव्या मजल्यापर्यंत विसरले. पुढे सहा वर्षं मी 'लेखक' होतो.

चीफकडे सहा शर्ट होते. सगळे अमेरिकेत शिवलेले, सवानाच्या बंदराजवळच्या एका दुकानातून वेगवेगळ्या फेऱ्यांत घेतलेले. जाड विणीचं सुती कापड, कॉलरच्या टोकांना बटणं, आणि मानेवरून वळताना कॉलरला येणारा हलका फुगवटा. हा फुगवटा म्हणजे अमेरिकेनं जगाला दिलेली मुख्य गोष्ट, असं त्यांचं मत होतं. "चंद्राचं नंतर," ते म्हणत. या शर्टांना इस्त्री ते स्वतः करत. वहिनींना हात लावायची परवानगी नव्हती.

"हार माझ्या गळ्यात घातला," वहिनी म्हणायच्या, "पण जीव त्या कॉलरीत."

अमेरिकन शर्ट चांगला का, याचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. "तिथं शिवतात ते तिथंच घालतात. बाई दिवसभर जो शर्ट शिवते, तोच घालून तिचा नवरा कामाला जातो. शिवण वाकडी गेली तर घरी तोंड कसं दाखवणार?"

मी एकदा म्हणालो, मग तुम्ही रेवदंड्यात शिवलेला शर्ट घालायला हवा.

"रेवदंड्यात माझा मामेभाऊ शिवतो," ते म्हणाले. "त्याची शिवण मी पाहिलेली आहे."

सहाचे दोन शर्ट उरले, आणि त्या दोन्हींचीही कोपरं विरली, तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पुण्यात, डिसेंबरात. वहिनींनी सिल्कचा झब्बा काढला.

"झब्ब्यात मी नवऱ्या मुलाचा आजोबा दिसेन."

"दिसा की. काय बिघडलं?"

 नंतर जिन्यात चीफ मला म्हणाले, "निम्मं बालपण पोरीनं मला फोटोत पाहिलंय. रजेवर घरी यायचो तो या शर्टात. कडेवर घेतली की कॉलरचं बटण चावायची. त्या दिवशी तिला मी पाहुणा वाटायला नको रे."

आणि ऑफिसनं मला दोन आठवडे अमेरिकेला पाठवलं. चीफनी जहाजाचा सुटा भाग मागवावा तसा कागद दिला: मान साडेपंधरा, बाही तेहतीस, रंग पांढरा, नग एक. खाली दोन रेघा मारून: पर्यायी माल चालणार नाही.

तीच कंपनी सापडली, तेच माप सापडलं. घरी येऊन टाचण्या काढल्या आणि मानेखालचं कंपनीचं नाव वाचलं. त्याच्या खाली बारीक पट्टी होती. मलेशियात शिवलेला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मलेशिया दिसत होता. अर्धी पृथ्वी ओलांडून मी पलीकडच्या काठावरचा शर्ट आणला होता.

लग्न आठ दिवसांवर होतं. मी ब्लेडनं ती पट्टी काढली. टाक्यांची चार भोकं राहिली.

चीफनी शर्ट उजेडात नेला, उलटा केला, शिवणींवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"झकास," ते म्हणाले.

पाठवणीच्या फोटोत मुलगी रडते आहे आणि तिच्या मुठीत वडिलांची कॉलर आहे. तो फोटो मला वहिनींनी तीनदा दाखवला. तिन्ही वेळा मी चहाकडे बघत राहिलो.

जानेवारीतल्या एका शनिवारी चीफ दारात आले. अंगात तोच शर्ट. "लेखका, पासपोर्ट घे. जोहोरला जायचंय."

बस मलेशियाकडे जाणाऱ्या पुलावर आली तेव्हा त्यांनी शर्टाचं टोक पँटीतून बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. डाव्या शिवणीत आणखी एक पट्टी होती. कसा धुवावा, कसा वाळवावा, आणि सगळ्यात खाली, मलेशिया.

"पोटासाठी काय लिहितोस रे तू?"

"सूचना."

"आणि वाचतोस?"

 "तुम्हाला कधी कळलं?"

"खिडकीत उभा होतो तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"शिवण सरळ होती. बोलायला जागाच नव्हती."

जोहोरच्या एका जुन्या फिटरकडून त्यांनी शर्टांच्या कारखान्याचा पत्ता मिळवला होता. हाच कारखाना कशावरून, मी विचारलं. "हा नसेल. असाच असेल," ते म्हणाले. आम्ही फाटकासमोर उन्हात उभे राहिलो. पाळी सुटली, बायका डबे घेऊन बाहेर आल्या. मोटरसायकलींवर नवरे थांबले होते. सगळे टी-शर्टात.

"बघ," चीफ हळूच म्हणाले. "एकाच्याही अंगात नाही. घरी तोंड दाखवायचा प्रश्नच नाही. घालणार कोण, तेसुद्धा माहीत नाही. तरी रेघ सरळ." मग म्हणाले, "आम्ही तरी इंजिन चालवताना वर माल कोणाचा आहे, हे कधी विचारलं?"

तेवढ्यात साठीची एक चिनी बाई जाता जाता थांबली. तिनं चीफकडे नाही, त्यांच्या कॉलरकडे पाहिलं. जवळ आली आणि कॉलरचं टोक दोन बोटांत धरलं.

"अंकल, आयर्न रॉंग लाह! कॉलर नो प्रेस. प्रेस, फिनिश."

तिनं दोन्ही बटणं काढली, कॉलर बोटांनी उचलून सैल केली, बटणं पुन्हा लावली. फुगवटा आला. पासपोर्टच्या फोटोला राहावं तसे चीफ ताठ उभे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलरी तपासलेल्या माणसाचे कान लाल झाले होते.

"माय वाइफ," ते म्हणाले. "शी आयर्न."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "इस्त्री वहिनींची?"

"तू पट्टी कापलीस, मी बायकोवर ढकललं. फिटलं. वर घरी गेल्यावर बोलू नकोस."

मी बोललो नाही. पुढच्या वर्षी ते गेले. वहिनी मुलीकडे पुण्याला निघाल्या तेव्हा त्यांनी तो शर्ट मला दिला, आणि मी त्यांना जोहोरची गोष्ट सांगितली. "मी इस्त्री करते?" म्हणत त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

माझी मान सोळा आहे, वरचं बटण लागत नाही. मानेखाली चार भोकं आहेत. डाव्या शिवणीतली पट्टी शाबूत आहे, आणि तिच्यावरच्या सूचना मी वाचल्या आहेत. शर्ट मी गार पाण्यात धुतो. कॉलरला इस्त्री लावत नाही.